सुकेळ्यांच्या पुड्यातली पोत

पोत मी गुंफली, असं मी घसा फोडून सांगत होते आणि एकानेही माझ्यावर विश्वास ठेवला नाही. बोळिंजच्या बायका पोत हातात घ्यायच्या, उलटीसुलटी करायच्या आणि विचारायच्या, "मुंबईहून आणली का गो, मधूची आई?"

"मी केली."

त्या हसायच्या. एक तर म्हणाली, "केळींना पाणी लावणाऱ्या हातांना हे जमतं होय!" (तिच्या गळ्यातली पोतही माझीच होती. तिच्या नवऱ्याने मुंबईची म्हणून तिला दिली होती. मी गप्प बसले, कारण त्याने माझ्याकडून आणखी एक नेली होती आणि ती कोणाच्या गळ्यात गेली ते मला माहीत होतं.)

घरी बसून हे काम करायचं असेल तर बायांनो, ऐका. दोरा आधी मेणातून ओढून घ्या. प्रत्येक मण्यामागे गाठ मारा, म्हणजे तुटली तरी एखादाच मणी जातो. आणि देण्याआधी पोत दोन्ही हातांनी जोर लावून ओढा. तुटायची तर तुमच्या ओटीवर तुटू दे, नवरीच्या गळ्यात नको. गिऱ्हाईक नाक मुरडायला लागलं की तोंड बंद ठेवा, भाव आपोआप टिकतो. (हे मला सांगता येतं. करता कधी आलं नाही.)

तर, होळी गावच्या फिलोमिनाच्या मुलीचं, रोझलीनचं लग्न ठरलं. फिलोमिना सासूचे सोन्याचे मणी आणि लालभडक पोवळी रुमालात बांधून माझ्याकडे आली.

"अशी गुंफ बाय, की बघणाऱ्यांचे डोळे दिपले पाहिजेत. पण तू केलीस असं कुठं बोलू नको. व्याही मुंबईचे आहेत. मी सांगून ठेवलंय, मुंबईच्या सोनाराने केली."

"आणि मी लग्नात कशाला आले असं कोणी विचारलं तर?"

"सुकेळी घेऊन आले म्हण. तुमच्या घरची, उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी आमच्या इग्नेशियसला फार आवडतात."

एरवी मी रुमाल तिच्या अंगावर फेकला असता. पण पोवळी अशी होती, की हातातून सोडवेनात.

पोत झाली त्या संध्याकाळी मी ती गळ्यात घालून आरशासमोर उभी राहिले. चौथीपर्यंत शाळेत गेले तेव्हा मास्तर रोज हजेरीला माझं नाव मोठ्याने पुकारायचे आणि मी "हजर" म्हणायचे. शाळा सुटली तशी ती हाकही सुटली. मग मी अमक्यांची सून, तमक्यांची बायको, मधूची आई. नवऱ्याचं नाव घ्यायची लाज मला शिकवली ते एक सोडा. पण माझं नाव घ्यायची लाज गावाला कोणी शिकवली? वाटलं, चार माणसांत एकदा कोणी विचारावं, ही कोणी केली? आणि कोणीतरी मोठ्याने सांगावं. बस. सोनं नको, पोवळी नको.

तेव्हा मी ठरवलं, पोत डबीत घालून द्यायची नाही. लालभडक पोवळ्यांखाली पिवळाधमक कपडा घेतला (लाल रंग पिवळ्यावर खुलतो, हेही लिहून ठेवा), पोत त्यात घट्ट गुंडाळली आणि वरून केळीचं सुकं पान लावून केळीच्याच दोऱ्याने सुकेळ्यांसारखा पुडा बांधला.

आमचे हे म्हणाले, "अगं, दागिना कोणी असा देतं का?"

"डबी काय, मुंबईची वाटते. हा पुडा बघून व्याही विचारतील तरी, सोनार कधीपासून केळीच्या पानात दागिने बांधायला लागला?"

"आणि सुकेळं समजून खाल्लं तर?"

"तुमच्यासारखे सगळेच खादाड नसतात. हा फिलोमिनाच्या हातात द्या. टोपलीतले दुसरे पुडे खऱ्या सुकेळ्यांचे, आहेराचे."

लग्नाच्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा घरचे सगळे चर्चमध्ये. मी मांडवात बायकांत बसले, हे टोपली घेऊन आत गेले आणि लग्नाचे पिठाचे गोड फुगे तळायचा वास घेत परत आले. ("दिला?" "टेबलावर ठेवला, सगळ्यात वर. लगेच दिसेल." दिसलाच.)

मिस्सा संपून मंडळी आली. रोझलीन कपडे बदलायला गेली. मग पोत घालायची होती. इग्नेशियस, म्हणजे फिलोमिनाचा थोरला भाऊ, चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद घ्यायचा म्हणून पहाटेपासून उपाशी. जेवणाला वेळ होता. आतल्या अंधाऱ्या खोलीत त्याला टेबलावर पुडा दिसला. एका टोकाचं पान सोललं, आत पिवळंधमक. बिचाऱ्याने डोळे मिटून चावा घेतला.

"आयो!"

आम्ही सगळे धावलो. कपड्यातून सुटलेला पोतीचा फेर त्याच्या सुळ्याला अडकला होता.

"ओढू नको रे, पोत तुटेल!" फिलोमिना ओरडली.

"तुटत नाही!" मी ओरडले. काय करणार, खरं ते बोलून गेले.

इग्नेशियसने दोन्ही हातांनी जोर लावून ओढलं. अगदी मी सांगते तसं. काहीतरी टक्कन तुटलं आणि जमिनीवर पडलं. वाकून पाहिलं तर दात! पोतीचा एक मणी हलला नव्हता, एक गाठ सुटली नव्हती. माझे डोळे भरून आले. लोकांना वाटलं, दातासाठी.

इग्नेशियस गालाला हात लावून गरजला, "ही कोनी केली?"

मांडवातून सगळे आत डोकावले. मुंबईचे व्याही पुढे आले. जन्मभर ज्याची वाट पाहिली तोच प्रश्न, मोठ्याने, चार माणसांत. मी पदर सारखा केला.

व्याही म्हणाले, "तुमच्या त्या मुंबईच्या सोनाराने ना?"

"कसला सोनार!" फिलोमिनाने माझ्याकडे बोट रोखलं. तिला माझं नाव माहीत असेल, असं मला वाटलंच नव्हतं. पण मास्तरांच्याही वर आवाज चढवून ती ओरडली, "हिनं केली! पुडाही हिनंच बांधला! बोळिंजची जयवंती!"