पणजोबांवर हरकत

"मेलेला माणूस माझ्यापासून काही लपवू शकत नाही!" असं पुरावेसाहेब चारचौघांत छातीवर हात मारून सांगत. त्यात तथ्यही होतं. विमा कंपनीत उभा जन्म त्यांनी मयतांचे दावे तपासण्यात घालवला होता. कोणी रडत आलं की साहेब आधी पाणी देत, पंखा लावत आणि मग हळूच विचारत, "गेले म्हणता, पण पुरावा?" त्यावरून कचेरीत पडलेलं हे नाव निवृत्तीनंतर त्यांच्या मागोमाग घरी आलं. शेजारी हसून बोलला तरी साहेब घरात येऊन दाराला कडी घालत. हसला का? आजच का?

अशा माणसाला आत्याने काम सांगितलं! आत्या म्हणजे त्यांच्या वडिलांची बहीण, नव्वदीला टेकलेली, कानाने तिखट आणि जिभेने त्याहून तिखट.

"बाळ्या, मला माझ्या आजोबांशेजारी जागा हवी," ती म्हणाली. "जुन्या दफनभूमीत. बघून ठेव."

हे आजोबा म्हणजे साहेबांचे पणजोबा. घड्याळजी होते. आत्या लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून दुरुस्त झालेल्या घड्याळांना किल्ली द्यायची आणि त्यांच्या हातचा मार खाणारी घरात ती एकटीच नव्हती, एवढं साहेबांना माहीत होतं. जुन्या दफनभूमीत आता नव्याने कोणाला घेत नसत. मात्र घराण्याच्या जागेत वाव असला तर घरच्या माणसाला मिळे. नाहीतर मग शहराबाहेरची नवी दफनभूमी.

"तिथे मी कोणाला ओळखते?" आत्या म्हणाली. "सगळे परके! बोलणार कोणाशी?"

"आत्या, काम झालंच म्हणून समज!" साहेब म्हणाले.

आणि खरंच झालं असतं. दफनभूमीच्या कचेरीतला कारकून भला माणूस होता. त्याने नकाशा उलगडला, घड्याळजींच्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "एक जागा आहे शिल्लक. तुमच्या घरच्या ज्या बाई देखभाल करतात ना, त्यांची सही आणा. संपलं काम."

"कोण बाई?"

"त्या टेलरबाई. दर आठवड्याला येतात, फुलं ठेवतात, दगड पुसतात."

साहेबांनी कान टवकारले! घराण्यात टेलरबाई नव्हती. म्हणजे एक परकी बाई आपल्या पणजोबांना फुलं वाहते. फुकट! साहेबांच्या अनुभवात फुकट फुलं वाहणाऱ्या माणसाचा डोळा नेहमी दुसरीकडेच असायचा. इथे तर तो उघड दिसत होता. शिल्लक राहिलेली एक जागा!

घरी जाऊन आत्याला विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ज्याचा फायदा आहे त्याची साक्ष घ्यायची नाही, हा साहेबांचा नोकरीतला नियम. जागा आत्यालाच हवी, तेव्हा आत्याची साक्ष बाद! जिचं काम तिलाच वगळून साहेबांनी तपास सुरू केला.

दुसऱ्या दिवशी ते घड्याळजींच्या थडग्यामागे, एका उंच दगडाआड दबा धरून बसले. गुडघे कुरकुरत होते, पँटवर शेवाळं चढत होतं. बऱ्याच वेळाने बाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, गळ्यात मोजमापाची फीत तशीच राहिलेली. त्यांनी फुलं ठेवली, दगड पुसला आणि सरळ साहेबांकडे चालत आल्या.

"बराच वेळ बसलात हो," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "कोण गेलं तुमचं?"

साहेब गांगरले. समोरच्या दगडावर हात ठेवून म्हणाले, "हे आमचे... काका!"

बाईंनी दगड वाचला. त्यावर लिहिलं होतं, 'प्रिय पत्नी, तीन मुलींची आई.' साल शंभर वर्षांपूर्वीचं होतं. बाईंनी दगडाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि आपली पिशवी काखेत घट्ट धरली.

आता दोन्ही बाजूंनी संशय! साहेबांनी उठून धूळ झटकली आणि तपासणीचा आवाज काढला. "ते घड्याळजी तुमचे कोण?"

"माझ्या आजीचे वडील. आजी लग्न होऊन लांब गेली, मग येणंजाणं तुटलं. मी इकडे राहायला आले तेव्हा शोधून काढलं त्यांना. तुम्ही?"

सगळं एका दमात, न अडखळता, डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं. साहेबांची खात्रीच पटली. इतकं सरळ कोण बोलतं? खरी माणसं अडखळतात, तारखा विसरतात, नाक पुसतात!

ते थेट कचेरीत गेले आणि बाईंच्या नात्यावर लेखी हरकत घेतली.

"साहेब, विचार करा," कारकून म्हणाला. "हरकत आली की साधी सही चालत नाही. मग कडक नियम लागतो. रक्ताचं नातं, प्रत्येक पिढीचा पुरावा. आणि तो दोन्ही बाजूंना लागतो बरं का!"

"लावा!" साहेब गरजले. पुष्कळ दिवसांनी त्यांना इतकं बरं वाटलं होतं.

बाईंनी आपले पुरावे कापडाच्या पिशवीतून आणले. आजीच्या जन्माचा दाखला, आईचा, स्वतःचा. साहेबांनी कागद उजेडात धरले, नखाने खरवडले, हुंगले. एका दाखल्याला चिकटलेला दोरा चिमटीत पकडून ते ओरडले, "हा दोरा नवीन आहे!"

"अहो, मी शिवणकाम करते!" बाई म्हणाल्या.

पुरावे चोख निघाले. साहेबांनी ते मनाचा मोठेपणा दाखवून मान्य केलं आणि आत्याची बाजू मांडायला घेतली. हे तर डाव्या हाताचं काम! आत्या, आत्याचे वडील, त्यांचे वडील घड्याळजी. त्यांनी नगरपालिकेतून जुन्या नोंदी काढल्या आणि पहिल्याच पानावर अडकले. आत्याचे वडील जन्मले तेव्हा घड्याळजींचं लग्नच झालेलं नव्हतं.

साहेबांनी आधी नोंदीवर संशय घेतला. मग नोंद करणाऱ्यावर घेतला. शेवटी ब्रश आणि बादली घेऊन दफनभूमीत गेले आणि त्या काळातला दगड न् दगड घासायला बसले. भिंतीलगतच्या कोपऱ्यात, शेवाळाच्या जाड थराखाली, एक लहानसा दगड निघाला. एक तरुण रंगारी, शिडीवरून पडून गेलेला. 'मागे पत्नी आणि तान्हा मुलगा.' पत्नीचं नाव साहेबांच्या पणजीचं होतं आणि मुलाचं नाव त्यांच्या आजोबांचं.

साहेब बादलीवरच बसले. पणजी विधवा होऊन, कडेवर पोर घेऊन घड्याळजींच्या घरात आली होती. म्हणजे आत्या घड्याळजींच्या रक्ताची नव्हती. तिचा दावा फेटाळला गेला होता, आणि उभ्या जन्मात इतका पक्का पुरावा साहेबांनी कोणाच्याच विरुद्ध गोळा केला नव्हता!

आत्या मटार सोलत बसली होती. साहेबांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. ती सोलतच राहिली.

"मग? नवीन काय सांगितलंस?"

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं! आजोबांनी बाबांना पोटच्यासारखं वाढवलं. त्यांना आणि आपल्या लेकीला सारखाच मार, सारखाच लाड. ती टेलरबाई म्हणतोस, तिची आजी माझी आत्या. मला वेण्या घालायची ती."

"अगं, मग मला सांगायचं नाहीस का?"

"तू विचारलंस कधी?" आत्याचा हात थांबला. "गावभरच्या दगडांना विचारलंस, मला नाही विचारलंस. त्या बिचारीने एक सही दिली असती, बाळ्या. आता मला त्या परक्या लोकांत नेऊन ठेवणार तुम्ही."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याचा पुरावा मागायचं साहेबांच्या मनातही आलं नाही. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते उरलेले मटार सोलू लागले.

सकाळी आत्या काठी टेकत स्वतः कचेरीत हजर झाली. टेलरबाईही आल्या होत्या. त्यांनी पुढे होऊन आत्याचे हात धरले, आत्याने त्यांचा चेहरा चाचपला, "नाक तिचंच हो!" म्हणाली, आणि दोघी रडायला लागल्या. साहेबांनी आपला कागद कारकुनापुढे सरकवला. "माझी हरकत मी मागे घेतो."

"घेता येत नाही," कारकून म्हणाला. त्याने साहेबांचेच पुरावे एकेक करून वाचले. मग एकदम त्याचा चेहरा खुलला. "पण थांबा! हरकत फक्त मयताच्या रक्ताच्या नातलगालाच घेता येते. आणि तुम्हीच सिद्ध केलंय की तुम्ही मयताचे कोणीही लागत नाही!"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची हरकत मुळातच बाद! हरकत नाही तर कडक नियमही नाही. बाईंची सही पुरते."

टेलरबाईंनी डोळे पुसत पुसत सही केली. कारकुनाने शिक्का उचलला आणि तसाच हवेत धरला. "एक साक्षीदार लागेल. मयताशी काडीचाही संबंध नसलेला."

सगळ्यांनी वळून साहेबांकडे पाहिलं.

घड्याळजी पणजोबा म्हणून साहेब लहानपणापासून मिरवत आले होते. तरी त्यांनी निमूटपणे पेन घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कागद न वाचता सही केली.

"आता ह्या साक्षीदाराला इथे कोण ओळखतं?" कारकुनाने विचारलं.

आत्याने साहेबांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. चांगला घाम फुटेपर्यंत न्याहाळलं.

"मी ओळखते," ती शेवटी म्हणाली. "माणूस चांगला आहे. पण पुरावा मागू नका!"