गायकवाड सरांचं अपडेट

गायकवाड सरांच्या कॉम्प्युटरचं अपडेट सुरू झालं की समोरच्या घरातला मिक्सरसुद्धा बंद ठेवावा लागतो. "व्होल्टेज हललं तर जिम्मेदार कोण?" असं सर ओट्यावरून विचारतात, आणि सेलूतल्या आमच्या गल्लीत त्यांना उत्तर द्यायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

सर शाळेत भूगोल शिकवायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून स्वतः लिनक्स चढवलं. "फुकट हाय म्हणून न्हाई, आझाद हाय म्हणून!" पुण्याच्या मुलानं नवा लॅपटॉप पाठवला. सरांनी तो खोकं न फोडता परत धाडला, वर फोनवर सुनावलं, "जुनं झालं म्हणून बदलायचं, तर उद्या बापालाबी बदलशील!"

त्या कॉम्प्युटरची मेमरी मात्र चिमूटभर. अपडेट सुरू झालं की ती गच्च भरते, आतला पंखा कापसाच्या जिनिंगसारखा घरघरतो, माऊसचा बाण जागीच थिजतो. मग सर मला हाक मारतात, कारण बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी जायचं आणि नुसतं बघत बसायचं. हात लावायचा नाही. "मशीन विचार करायली, करू द्या." तोवर चहा, भाजलेल्या शेंगा, परत चहा, आणि येलदरी धरण भरल्याच्या गप्पा.

मागच्या महिन्यात मी कंटाळलो. दुकानातून मेमरीची जादा पट्टी आणली आणि सर नको नको म्हणत असताना बसवून टाकली. चहाला उकळी फुटायच्या आत अपडेट खतम! "झालं बघा सर," म्हणत मी चप्पल घातली आणि निघालो.

परवा पुन्हा हाक आली. "अडकलंय!"

जाऊन बघतो तर पंखा घरघरतोय, बाण थिजलेला. आणि टेबलावर, रुमालात नीट गुंडाळलेली, मी बसवलेली पट्टी.

"सर, ही कुणी काढली?"

"मी. मशीन माझी हाय. तिला किती मेमरी द्यायची ते मी ठरवणार."

"अहो, आता दुपारभर चालेल हे!"

"चालू द्या की! कुणाच्या बापाचं काय जायलंय?" सरांचा आवाज चढला. मग त्यांनी पडद्याकडे तोंड फिरवलं. "त्या दिवशी तुमी चहा न घेताच गेले. दोन कप ठेवला होता मी."

मी खुर्ची ओढली. घरी फोन लावून सांगितलं, जेवायला माझी वाट बघू नका.

सरांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. थोड्या वेळानं उठून आत गेले आणि दोघांपुरते तांदूळ धुवायला घेतले.