शिंप्याचे ‘नाही’

निवृत्त गुरुजींना जनमत पाहणी कार्यालयाने निवडणुकीपुरते कामावर घेतले, कारण त्यांना कोणी दारातून परत पाठवत नसे. प्रश्न एकच होता : ‘आगामी निवडणूक निर्भय वातावरणात होईल, असे आपणास वाटते काय?’ तीनशे घरांनी ‘हो’ म्हटले. काहींनी तर प्रश्न पुरता ऐकलाही नाही.

बाजारातल्या शिंप्याने मात्र मशीन थांबवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि तो म्हणाला, “नाही.”

“नीट विचार करून सांग.”

“गुरुजी, विचारलं की खरं सांगावं, हे तुम्हीच शिकवलंत ना वर्गात?”

गुरुजींनी ‘नाही’वर खूण केली. आपले शिकवणे एका तरी डोक्यात राहिले, याचे त्यांना बरे वाटले.

कार्यालयात साहेबांनी तो फॉर्म उजेडाकडे धरून पाहिला. “हा माणूस दबावाखाली आहे.”

“कुणाच्या?”

“तेच शोधायचंय. सगळे हो म्हणत असताना एकटा नाही म्हणतो, म्हणजे बिचाऱ्यावर केवढा दबाव असेल.”

दोन निरीक्षक दुकानात गेले. आपल्यावर कोणाचाच दबाव नाही, असे शिंप्याने तीनदा सांगितले. निरीक्षकांनी नोंद केली : ‘नाव सांगण्यास घाबरतो.’ साहजिकच त्याच्या संरक्षणासाठी दाराशी दोन पोलीस बसवण्यात आले. ते गिऱ्हाइकांची नावे, पत्ते आणि येण्याचे कारण लिहून घेत. “पँट आखूड करायची आहे,” असे कोणी म्हटले, तर “का?” असे विचारत. चार दिवसांत गिऱ्हाईक बंद झाले. लोक शिंप्याकडे यायला घाबरतात, असे दिसून आल्यावर बंदोबस्त वाढवणे भाग पडले. आता त्याची बायको नळावर गेली, तरी मागे एक पोलीस चालू लागला. शेजारणींनी तिच्याशी बोलणे सोडले.

आठव्या दिवशी शिंपी गुरुजींच्या घरी आला. मागे पोलीस होताच.

“गुरुजी, ‘हो’ लिहा.”

गुरुजींनी नवा फॉर्म काढला, पण पेन कागदावर टेकेना. “तुला खरंच तसं वाटतं?”

“एवढं संरक्षण असल्यावर कुणाची भीती वाटणार?” शिंपी म्हणाला. त्याने गुरुजींकडे पाहिले नाही.

गुरुजींनी खूण केली. त्याच संध्याकाळी बंदोबस्त उठला. साहेबांनी अहवालात ‘निर्भयतेत लक्षणीय वाढ’ असे लिहिले आणि गुरुजींपुढे एक दाखला सरकवला : ‘पाहणीच्या काळात कोणावरही दबाव आल्याचे मी पाहिलेले नाही.’

“आणि सही नाही केली तर?”

साहेब मायेने म्हणाले, “मग तुमच्याही संरक्षणाचं बघावं लागेल.”

गुरुजींनी सही केली. घरी आल्यावर त्यांना जेवण जाईना. “बरं वाटत नाही का?” बायकोने विचारले. “बरं आहे सगळं,” ते म्हणाले आणि पाटावरून उठले.

अहवाल वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आला. आपणही तो सकाळी चहाबरोबर वाचला. शंभर टक्के या आकड्यापाशी आपली नजर जरा अडखळली. ‘असं कसं?’ असे म्हणायला आपण तोंड उघडले, समोर कोण बसले आहे ते पाहिले, आणि चहाचा घोट घेतला.