एक वॉकमन, दोन वायरी

डोकमर्डीच्या कामगारवस्तीत आमच्या खोल्यांसमोरून रोज सकाळी दोन माणसं एकमेकांना जुंपल्यासारखी पळत जात. एकाच्या कमरेला वॉकमन, त्यातून निघालेल्या दोन वायरी आणि वायरींच्या टोकांना दोन डोकी. त्यातलं एक डोकं कायम आमचे शेजारी साहेबराव यांचं असे. दुसरं बदलत असे.

साहेबराव शिरपूरकडचे, राखोलीच्या सूत कारखान्यात मशीनवर होते. पोट सुटलं म्हणून डॉक्टरांनी पळायला सांगितलं, तर हे दमणला जाऊन वॉकमन घेऊन आले. त्याला हेडफोनची दोन भोकं होती. दुकानदार म्हणाला, एक बिघडलं तर दुसरं वापरा. साहेबरावांना ते मुळीच पटलं नाही.

“दोन भोकं दिली म्हणजे दोन माणसं पाहिजेत. एकल्याचं काम नाही हे, सर!”

पहिला बळी मी. मी शाळामास्तर, सकाळी मोकळा सापडलो. “तुम्ही उजवीकडं या. मी डावीकडचा. उजवीकडं जुंपलं तर मले चालता येत नाही,” असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. कोपऱ्यावर कुत्रं अंगावर आलं. मी उजवीकडे पळालो, ते डावीकडे. माझी मान आठवडाभर वाकडी होती.

माझ्यानंतर किराणावाले रमेशभाई आले. साहेबराव गाण्याच्या मध्येच “हो, हो, हळू!” म्हणत. चौथ्या दिवशी रमेशभाईंनी भर रस्त्यात हेडफोन काढला आणि विचारलं, “हुं कंई बळद छुं?” म्हणजे, मी काय बैल आहे? त्यानंतर कोणीच आलं नाही. साहेबराव एकटेच पळू लागले, दुसरा हेडफोन गळ्यात लटकवून.

हे सगळं मला निव्वळ खूळ वाटे. त्यांची बायको, मथुराबाई, गावी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची सेवा करत होत्या. दर दिवाळीला साहेबराव “यंदा आणतो” म्हणून जात आणि फराळाचा डबा घेऊन एकटेच परत येत. खोलीत बोलायला कोणी नव्हतं. माणूस वायरीनं बांधून ठेवण्याची वेळ का आली, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मग एका वर्षी म्हातारे गेले, आणि उन्हाळ्यात मथुराबाई आल्या. आल्या त्या एकच पिशवी घेऊन. शेजारणींना त्यांनी दारातच सांगितलं, “करमलं तं ऱ्हाईन. नाहीतं गावी माझी गाय हाय.”

साहेबरावांचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी बायकोच्या पदराखाली हेडफोन बसवला आणि दोघं फिरायला निघाली. मी भाजीची पिशवी घेऊन त्याच रस्त्याला होतो.

मथुराबाईंना नवऱ्याच्या चार पावलं मागे चालायची सवय. वायर दोन हातांची. ती लगेच निसटली. साहेबरावांनी ती पुन्हा खोचली आणि चाल हळू केली. मथुराबाईंनीही हळू केली. हे थांबले, त्याही थांबल्या. पानाच्या टपरीवरची माणसं हसू लागली.

मग साहेबरावांनी वॉकमन कमरेचा काढून बायकोच्या हातात दिला आणि स्वतः तिच्या मागे जाऊन उभे राहिले. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, मागे.

टपरीवर कोणीतरी शिट्टी मारली. मथुराबाई लाजल्या, पण चालू लागल्या. रस्ता नवा, पुढे चालण्याची सवय नाही. प्रत्येक वळणावर मागे न बघता विचारत, “आते कथा?” म्हणजे आता कुठं?

“सरय,” मागून उत्तर येई. सरळ.

सरळ सरळ करत दोघं पार वस्तीबाहेर, शेतांपर्यंत पोचली, आणि कुतूहलानं त्यांच्या मागोमाग मीही. तिथे मथुराबाई थांबल्या. पदर सारून त्यांनी हेडफोन काढला, आणि म्हणाल्या,

“उद्या दुसऱ्या वाटेनं जाऊ.”

साहेबरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. घाम आहे म्हणून सांगावं, तर त्या दिवशी ते पळालेही नव्हते.