जावयाच्या गाडीची टाकी

गाडीतलं मला कळतं! हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. अकरा वर्षं एकच डिझेल गाडी वापरली आणि ती घाटात फक्त चार वेळा बंद पडली. तीही चढावर. उतारावर एकदाही नाही! तर अशा अनुभवी माणसाने पंचेचाळिशीत ती विकून लालभडक पेट्रोल गाडी घेतली, यात शंका काढण्यासारखं काय होतं?

शंका बायकोने काढली.

"नाना काय म्हणतील?" तेजस्विनीने विचारलं.

नाना म्हणजे माझे सासरे खंडेराव. निफाड तालुक्यात सहा एकर द्राक्षबाग. सोळा वर्षांपूर्वी तेजस्विनीला बघायला मी डिझेल जीपमधून गेलो होतो. माझ्या आधी येऊन गेलेला मुलगा माझ्यापेक्षा उंच होता, गोरा होता, इंजिनिअर होता. पण पेट्रोलच्या गाडीतून आला होता. नाना म्हणाले होते, "डिझेलवाला मानूस संसार रेटून नेतो. पेट्रोलवाला उडवून टाकतो." संपलं! आमचं लग्न माझ्या गुणांवर नाही, इंजिनावर ठरलं. त्या घरात आजवर जो मान मिळाला, तो सगळा डिझेलचा. आणि खरं सांगतो, मला तो मान आवडतो. ऑफिसात मला कुणी चहाही विचारत नाही.

"त्यांना कळेलच कशाला?" मी म्हणालो.

"अहो, ते ट्रॅक्टरवर वाढलेत!"

"मी बघतो!"

आता नुसती पेट्रोल गाडी घेऊन गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण मी ती नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सुनीलकडे नेली. हा गाड्या 'ट्यून' करतो. इंजिनाला लॅपटॉप जोडून तो म्हणाला, "सर, कंपनीने इंजिनाला लाज शिकवलेली असते. आपण ती काढून टाकू."

काढली! ताकद वाढली, सायलेन्सर बदलला, मागे डिकीवर हौसेने पंखासारखा एक स्पॉयलर बसवला. आणि अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मागून आवाज यायला लागला, फट्! फटाक्! फट्फट्! पहिल्याच दिवशी सोसायटीतल्या मोहिनीताई गॅलरीत येऊन विचारत्या झाल्या, "वरात कुणाची हो?" मी त्या ताकदीनिशी द्वारका चौकात पाऊण तास एकाच जागी उभा होतो, पण काय रुबाबात!

सासरी जायच्या आदल्या दिवशी मी मुद्द्याचं काम केलं. टाकीच्या झाकणावर आतून 'फक्त पेट्रोल' असं स्टिकर होतं. तेजस्विनीचं नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन ते खरवडून काढलं. पुरावा नष्ट! स्वतःच्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं.

फेब्रुवारीतला रविवार. नानांची बाग पिकून गोड झालेली, काढणीला आठ दिवस उरलेले. बागेच्या कोपऱ्यावर मी पाय उचलला आणि फट्! फटाक्! बागेतून बुलबुल, साळुंक्या, पोपट, सगळे एकदम उठले. नाना धावत बाहेर आले.

"गोळीबार कशाचा वो, अश्विनराव?"

"नवीन गाडी, नाना!"

"डिझेलच ना?"

तेजस्विनी आभाळाकडे बघायला लागली.

"मग! डिझेलच!"

"आवाज तसा वाटत नाय."

"शहरी डिझेल आहे, नाना. नवीन टेक्नॉलॉजी."

नानांनी मान हलवली. जिंकलो! त्या आनंदात मी सासूबाईंच्या हातच्या पुरणपोळ्या इतक्या चेपल्या, की ताटावरून उठलो तो थेट खाटेवर आडवा झालो. आणि झोपेत एक गोष्ट पार विसरलो.

आमच्या सासरी रीत आहे. जावयाची गाडी रिकाम्या टाकीने परत पाठवायची नाही! अकरा वर्षं दर खेपेला माझा मेहुणा अमोल ट्रॅक्टरच्या पिंपातून कॅन भरून आणतो आणि नरसाळं लावून टाकी फुल करतो. त्यात माझ्या नव्या गाडीची भूक अशी, की नाशिकहून येईपर्यंतच काटा तळाला लागला होता. अमोलने मोठ्या प्रेमाने तीस लिटर ओतलं. झाकण उघडून त्याने नीट पाहिलंही होतं म्हणे. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं!

दुपारी साडेतीनला निघालो. नाना फाट्यापर्यंत सोबत म्हणून पुढे बसले, तेजस्विनी मागे. घर जरा मागे पडलं आणि इंजिनातून आवाज यायला लागला, खड खड खड खड.

नानांचा चेहरा उजळला. "आता कशी बोलाया लागली! मघाशी लाजत व्हती. अस्सल डिझेल!"

मी काट्याकडे पाहिलं. टाकी फुल! मागून पांढरा धूर निघाला, गाडीने दोन आचके दिले आणि पारासमोर, बसलेल्या वीस माणसांच्या साक्षीने, प्राण सोडला.

"नाना, गाडी निघंल का पुढं?" पारावरून कुणीतरी विचारलं.

ट्रॅक्टरचा मिस्त्री भिका तिथेच होता. त्याने टाकी उघडली, नाक लावलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नाक लावलं.

"नाना, ही पेट्रोलची हाय. ह्यात डिझेल कुणी घातलं?"

नाना हळूहळू माझ्याकडे वळले.

"अश्विनराव, एक विचारू? बघायला आलात तवाची ती जीप तरी तुमची व्हती का?"

आता खोटं बोलायला तोंडच उरलं नव्हतं. "मित्राची होती, नाना. लग्नानंतर विकली म्हणालो, ते खोटं."

"काय?" मागच्या सीटवरून तेजस्विनी ओरडली. कारण हे तिलाही माहीत नव्हतं!

मला खरोखर लाज वाटली. सुनीलने इंजिनाची काढली होती, तेवढी सगळी एकदम माझ्याकडे आली. अमोलने ट्रॅक्टर आणला. लाल गाडी दोराने बांधून परत घराकडे निघाली आणि मी स्टिअरिंगवर बसून गावाला दर्शन दिलं. नाना ट्रॅक्टरवर बसले.

भिकाने टाकी उतरवली, नळ्या धुतल्या, अमोलने पंपावरून पेट्रोल आणलं. दिवस मावळता मावळता गाडी सुरू झाली. मी अॅक्सिलरेटर दाबून पाय उचलला. फटाक्!

झोपायला टेकलेली पाखरं बागेतून भर्रकन उठली. ओसरीवर पाठ फिरवून बसलेले नाना वळले.

"परत वाजवा."

फट्! फटाक्!

"परत."

फट्फट्! बागेत एक पाखरू राहिलं नाही. नाना तीन तासांत पहिल्यांदा हसले.

"अमोल, पाखरं उठवायला उद्या फटाके आनू नको. अश्विनराव, काढणी होईस्तोवर सकाळी सहाला येत चला."

मी आठवड्याची रजा टाकली! दुसरं काय करणार? रोज अंधारात नाशिकहून निघायचं आणि सहाला बागेच्या कडेने पहिल्या गिअरमध्ये फिरायचं. एवढी ताकद, वेग ताशी सहा किलोमीटर! अमोल पुढे चालत ओरडायचा, "दाजी, तिसऱ्या वळीत साळुंक्या! सोडा एक!" मी सोडायचो. शेजारचे बागाईतदार बांधावर येऊन कौतुकाने बघायचे. नाना सगळ्यांना सांगायचे, "आमचे जावई हायेत." डिझेलमध्ये गेलेला मान पेट्रोलमध्ये परत आला, आता काय म्हणाल?

आठव्या दिवशी, म्हणजे काढणीच्या सकाळी, मी शेवटचा फेरा मारत होतो. फट्! फटाक्! आरशात पाहिलं तर स्पॉयलरवर एक बुलबुल बसलेला. चोचीत द्राक्षाचा मणी. मी सगळा जोर लावून एक दणका दिला. त्याने मान वाकडी करून आवाज ऐकला, मणी गिळला आणि दुसरा आणायला गेला.

नाना बांधावरून बघत होते. ते शांतपणे म्हणाले, "पाखरांनाबी कळलं, अश्विनराव. पेट्रोलची हाय."