विहिरीवरचा खोपा

"दोर पायजे म्हणे यायले. अन् तोबी मजबूत!" कौशल्या चुलीपाशी स्वतःशीच पुटपुटली. मागे चहा पीत बसलेल्या नितेशने ते ऐकलं आणि त्याचा घोट तोंडातच राहिला.

"बाबानं मांगतला? कावून, ते इचारलं नाई तू?"

"इचारू कशी? खरं सांगतलं तं?"

तेल्हाऱ्याकडची ती वर्षंच तशी होती. घरातला माणूस गप्प झाला की शेजारी विरजण मागायच्या निमित्ताने डोकावून जात. ज्याची भीती, त्याचं नाव कुणी घेत नसे. 'तसलं काही' एवढंच म्हणत. नितेशच्या वडिलांचे, नत्थुजींचे, बरेचसे कांदे पावसाळ्यात ढिगातच सडले आणि तेव्हापासून ते रोज दुपारी विहिरीच्या काठावर जाऊन बसत.

दोर पिठाच्या कोठीत गेला. मग नितेशला गाईचं दावं दिसलं. तेही काढलं. मोकळी गाय थेट शेजारच्या हलीमाबीच्या परसात शिरली आणि वालाचा वेल फस्त करून आली. हलीमाबी भांडायला आली ती कंबर कसूनच. कौशल्याने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. भांडण जागीच विरलं.

"हाय अल्ला! फवारणीचा डबा कुठी हाये?"

"तोच तं. तुमच्या घरी ठेवा ना."

"माह्याबी घरी माणूस हाये ना, बाई!"

शेवटी नितेश डबा दुकानात परत घेऊन गेला. एरवी उघडलेली पुडीही परत न घेणाऱ्या दुकानदाराने तो मुकाट्याने ठेवून घेतला.

हलीमाबीकडून रोज शिरा येऊ लागला. नत्थुजी टमरेल घेऊन निघाले की नितेशही टमरेल घेऊन मागे. आता घाबरायची पाळी नत्थुजींची आली.

"डाक्तर काय बोलला तुमाले?" त्यांनी एका सकाळी बायकोला गाठलं.

"कोन डाक्तर? काई नाई झालं तुमाले."

"मंग हलीमाबी शिरा कावून चारून राह्यली? चुलतसासऱ्याले बी तिनं असाच चारला होता. गेला थो!"

त्याच दुपारी नत्थुजी नितेशची नजर चुकवून नाहीसे झाले. कौशल्याचं जुनं लुगडंही दांडीवर नव्हतं. हलीमाबीसकट तिघं अनवाणी विहिरीकडे धावली. नत्थुजी काठावरच्या बाभळीवर होते, हातात पीळ घातलेलं लुगडं.

"बाबा!"

"बोंबलू नोको! कांदे पडतीन!"

फांदीला पोत्याएवढा एक खोपा लोंबत होता. ठिबकच्या फाटक्या नळ्या, कपाशीच्या पऱ्हाटीच्या काड्या आणि लुगड्याच्या चिंध्या; आत उरलेसुरले कांदे. वर फुगीर, खाली अरुंद मान, थेट शेजारच्या सुगरणीच्या खोप्यांसारखा.

"पाय, पानी घरंगळून जाते, वारा चहूकडून खेयते. सुगरणीचे पिल्लं सडत नाईत तं माहे कांदे कावून सडतीन? खालची गाठ सोडली का जुना कांदा आंधी भाईर. सारं टाकाऊ. घरात दोर कुठी सापडून राह्यला होता?"

हलीमाबी हसत सुटली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून खालीच बसली. नितेश उगाच खोप्याला झोका देत राहिला. कौशल्या मात्र हसली नाही. ते खाली उतरेपर्यंत ती बुंध्याशी उभी राहिली.

"पयल्या दिवशी बी खोपेच पाह्याले आलते का तुमी?"

नत्थुजींनी हातातल्या काड्या झटकल्या.

"नाई," ते म्हणाले. "पयल्या दिवशी जीव द्याले आलतो."