कळसाची स्वारी आणि युरियाचा दगा

श्री भैरवनाथ समर्थ.

भावकीतील वडील मंडळींनी आज्ञा केली जे, भुकुमाहून रिह्यास कळस कोणते युक्तीने आला, गाडी का रेंगाळली आणि वाटेत कोण पायउतार जाहले, हा मजकूर साद्यंत लिहून ठेवणे, नाहीतर चहाचे टपरीवर दर दिवशी नवी हकीकत उपजते. त्यावरून शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख मासी जे घडले ते लिहिले आहे. वाचणाराने पदरचे घालू नये.

रिहे मुलखी राजश्री हैबतराव, धाकट्या घरचे, भातखाचरांचे धनी आणि एका मालट्रकाचे सरदार. चाळीस वर्षांमागे देवळास पहिला कळस आला तेव्हा तो आणण्याचा मान त्यांचे तीर्थरूपांस होता. परंतु गावाअलीकडील चढावर बैलगाडीचा आस मोडला आणि गाडी मागे घसरत नाल्यात गेली, आणि मागून थोरल्या घरची गाडी आली, तिने कळस उचलिला आणि मानही उचलिला. तेव्हापासून थोरल्या घरचे राजश्री अण्णासाहेब लग्न असो, बारसे असो, हैबतरावांस पाहताच पुसत, "काय हैबती, आस बरा हाय न्हवं?" आणि सारी पंगत हसे. हैबतरावही हसत, आणि घरी येऊन न जेवता निजत.

यंदा नवा कळस करविला आणि चिठ्ठ्या टाकिल्या, तो मान पुनः धाकट्या घरास आला. करार ऐसा ठरला की, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांचे मुहूर्तास कळस देवळी न पोहोचल्यास मान थोरल्या घरचा, आणि तो कायमचा. मग हैबतरावांनी जुनी गाडी काढून नवी कोरी बीएस-सहा गाडी दारी आणिली. ही गाडी सरकारी कानूप्रमाणे आपला धूर आपणच धुऊन काढिते आणि त्या धुण्यास तिजला एक औषधी पाणी लागते, ज्यास समस्त ड्रायव्हर लोक युरिया म्हणतात. सारा घात या एका शब्दाने केला.

स्वारीचे दिवशी प्रातःकाळी गाडीचे पडद्यावर दिवा लागला. हैबतराव वदले, गाडी युरिया मागती. पडवीत भाताचे खताची गोण उभीच होती, तीवर ठळक अक्षरे युरिया. तेव्हा हुकूम जाहला की, घरात युरिया असता पंपावर मागावयास जाणे सरदारकीस कमीपणा आहे, सबब गोण फोडावी. त्यांचे कुटुंब रत्नाबाई, ज्यांचे ऐकिले असते तर ही बखर लिहावी लागती ना, आडव्या आल्या.

"अवं, त्यो खाताचा हाय! गाडीला काय लोंब्या यायच्यात व्हय?"

परंतु मसलत मोडली नाही. खत बादलीत कालविले, जुने लुगड्यातून तीन वेळा गाळिले आणि निळ्या बुचाचे टाकीत ओतिले, आणि सरदार मिशीस पीळ देऊन भुकुमाकडे कूच करिते जाहले.

भुकुमास वाजतगाजत कळस गाडीत चढविला. पेंढ्याची गादी, वर तांबडे वस्त्र. हैबतराव खासा चाकावर, शेजारी रत्नाबाई. मागे मोटारसायकलीवर त्यांचे भाडेकरू ऋषिकेश, लातुराकडील, हिंजवडीस गाड्यांचे संगणकी पोटाचा कारभार पाहणारे. आणि त्याही मागे अण्णासाहेब आपले पुरातन ट्रकात, ज्याचे नळकांड्यातून निघालेला धूर पाहून पाखरे रस्ता बदलीत. हैबतराव कोठे अडखळतात आणि आपण कळस केव्हा उचलितो, एवढाच त्यांचा मनसुबा होता.

पिरंगुटास पोहोचले तों गाडीने पें पें ऐसा आकांत मांडिला, सारे दिवे लागले आणि वेग मरत मरत ताशी विसावर येऊन बसला. हैबतरावांनी पाय पत्र्यापर्यंत दाबिला, उपयोग शून्य. मग ऋषिकेश खिडकीशी आले, गाडीस आपले यंत्र जोडिले, टाकीचे बूच उघडून वास घेतला आणि त्यांचे तोंड पांढरे पडिले.

"काका, यात खत टाकलंय तुम्ही? सेन्सरनी रिजेक्ट केलंय. आता वीसच्या वर जाणार नाही, चढाला दम पण लागेल. आणि काहीही झालं तरी इंजिन बंद करू नका. एकदा बंद झालं की स्टार्टच होणार नाही."

"आरं पण आसं कोन करतं? गाडी माझी हाय!"

"नियमच आहे काका. आम्ही फक्त कोड लिहितो."

हैबतरावांचे डोळ्यांसमोर मागचा आस, मागचा नाला आणि पुढील चाळीस वर्षांच्या पंगती उभ्या राहिल्या. ते फार घाबरले होते, हे येथे लपविण्याचे कारण नाही. परंतु रत्नाबाईंनी फर्माविले जे, रडायचे ते देवळात, आता चालवा. मग स्वारी निघाली. एक सायकल पुढे गेली, पाठोपाठ सायकलीस दुधाच्या किटल्या लावलेला एक म्हातारा गेला, आणि एक म्हैस बराच काळ बरोबरीने चालून कंटाळून शेतात उतरली.

घोटावडे फाट्यावर धूर तपासणारे सरकारी पथक नाकेबंदी करून होते. अंमलदारसाहेबांनी हात दाखविला आणि हुकूम केला की, इंजिन बंद करून कागद दाखविणे. हैबतरावांनी चावीवर तळवा झाकून धरिला. तेव्हा रत्नाबाई कागदांचे पुडके घेऊन खाली उतरल्या.

"सायेब, कागद सारं हायेत. पन इंजान बंद व्हायचं न्हाई. बंद झालं तर कळस हितंच फाट्यावर बसवावा लागंल, आन् सांजसकाळ दिवाबत्ती तुमालाच करावी लागंल."

अंमलदारांनी कळसाकडे पाहिले, आपले बदलीचे दिवस मोजिले आणि चालत्या इंजिनासच नळी लाविली. धूर नावालाही नाही, जावयाची परवानगी जाहली. तों मागून अण्णासाहेबांची गाडी आपल्या काळ्या ढगासह येऊन ठेपली आणि साहेबांचा पांढरा सदरा क्षणात करडा जाहला. प्रमाणपत्र मागितले, ते तीन वर्षांमागे सरलेले. गाडी जागीच जप्त. एकीस धूर सोडते म्हणून धरिले, दुजीस सोडील म्हणून लंगडे केले, कानूची माया दोहींवर सारखी.

अण्णासाहेब रस्त्याचे कडेस धोतर सावरीत एकटे उभे राहिले. हैबतरावांनी या दृश्यासाठी चाळीस वर्षे वाट पाहिली होती. त्यांनी ते डोळे भरून पाहिले आणि मग स्वतःवरच चिडून दार उघडिले. "चढा, अण्णा. उन्हात मराल."

बारा वाजून पंचवीस मिनिटे जाहली आणि गावाअलीकडील तो चढ आला. गाडी अर्ध्या चढावर गुरगुरली, थरथरली आणि तसूतसूने मागे सरू लागली. खाली नाला तोच. इंजिन आचके देऊ लागले. आणखी दोन हात मागे गेली असती तर इंजिन मेले असते, आणि करारान्वये मान बसल्या जागी थोरल्या घरी गेला असता. अण्णासाहेबांस काही करावयाचे नव्हते, नुसते बसून राहावयाचे होते.

परंतु त्यांनी दार उघडिले आणि सत्तरीचे वयात उडी घेतली, आणि कडेचा धोंडा उचलून मागील चाकास लाविला. गाडी थांबली. ओरडले, "हैबती, दाब आता!" गाडी चार हात चढली, की धोंडा पुनः चाकास. पुनः चार हात, पुनः धोंडा. ऋषिकेश दुसरा धोंडा घेऊन धावले, रत्नाबाई दोघांस शिव्या देत वाट दाखवू लागल्या, आणि ऐसा तो चढ हातहात करून जिंकिला. माथ्यावर पोहोचले तेव्हा अण्णासाहेबांचे दोन्ही तळवे सोलून निघाले होते.

बारा वाजून अडतीस मिनिटांनी कळस देवळी दाखल जाहला आणि मुहूर्तावर शिखरी चढला. गाडी दारातच बंद केली, ती अद्याप तेथेच आहे. गर्दीत हैबतरावांनी अण्णासाहेबांस बाजूस घेतले.

"अण्णा, धोंडा कशापायी लावला? मान तुमच्याच घरी येत व्हता."

अण्णासाहेब सोललेले तळवे धोतरास पुशीत वदले, "तवा, पयल्या कळसाच्या येळी, आमी मागंच व्हतो, हैबती. तुमची गाडी घसरताना आमच्या वडलांनी, आबांनी, बघितली. धोंडा लावला असता तर थांबली असती. मला हात धरून बसवलं त्यांनी."

हैबतरावांनी आपला रुमाल काढून अण्णांचे हातास बांधिला.

सबब भावकीचे एकमताने फत्तेची नोंद देवळाचे भिंतीस ऐसी कोरिली असे: कळस आणिला धाकट्या घराने, धोंडा लाविला थोरल्या घराने, उशिराने.